भिंतीवरची नवी

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर नवी. म्हणजे तिचा फोटो. आमच्या आर्किटेक्ट ऑफिसच्या प्रवेशातली ती लांब पांढरी भिंत, जिच्यावर साहेबांनी एकवीस वर्षांत साधं घड्याळ लावू दिलं नव्हतं, ती त्या सोमवारी सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत नवीच्या हसण्यानं भरून गेली होती. माणसापेक्षा मोठी नवी, केस कानामागे, हातात पेन्सिल, कागदावर वाकलेली, आणि तेवढ्यात कुणीतरी काहीतरी मजेशीर बोलल्यामुळं मान वर करून हसणारी. खाली ठसठशीत अक्षरांत, 'इथं माझं ऐकलं जातं.' मी पर्स खांद्यावर तशीच धरून उभी राहिले. टेबल ओळखीचं वाटलं. टेबल माझंच होतं. आणि फोटोच्या उजव्या कडेला, चौकटीनं अर्धं कापलेलं, राखाडी स्वेटरातलं एक कोपर होतं. तेही माझंच. म्हणजे त्या दिवशी ते मजेशीर बोलणारी मीच. काय बोलले होते ते मात्र काही केल्या आठवेना. मागून लिफ्टमधून दोघंतिघं उतरले, 'अरे वा, मस्तच आलाय की,' म्हणत आत गेले. कोपर कुणाचं, असं कुणी विचारलं नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर पोरं टिकत नव्हती. दीड वर्षात अकरा जण सोडून गेले. साहेब आधी म्हणायचे, जाणाऱ्याला वाट मोकळी. मग बारावा गेला, तो त्यांचा लाडका होता, तेव्हा त्यांचे डोळे उघडले आणि त्यांनी ऑफिसचं नाव बाहेर गाजवून देणाऱ्या एका ब्रॅण्डवालीला बोलावलं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, इमारती तुम्ही छान विकता, आता ऑफिस विकायला शिका. गिऱ्हाइकाला नव्हे, नोकरी शोधणाऱ्यांना. मग तिनं एकेकाला मीटिंगच्या खोलीत अर्धा अर्धा तास बसवून विचारलं, 'तुम्ही इथं का टिकलात?' मी म्हटलं, 'दुसरीकडून कुणी बोलावलं नाही म्हणून.' हसावं तिनं, अशी अपेक्षा होती. तिनं ते जसंच्या तसं टाईप केलं. खरं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना सुचलं. चांगलं होतं, दोन-तीन वाक्यांचं, शेवटी जरा गळा दाटावा असं. पण तोवर माझा अर्धा तास होऊन गेला होता, आणि 'मॅडम, कालच्या उत्तरात थोडी भर घालायची होती,' असं म्हणत तिच्या दारात जाऊन उभं राहणं माझ्याच्यानं झालं नाही. नवी अडीच तास बसली होती त्या खोलीत. मी घड्याळ बघत होते.

नवीला नवी म्हणायचं कारण एवढंच की ती सगळ्यात शेवटी आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे आठ महिने झाले तरी नवलाई संपेना. खोटं कशाला बोलू, पोरगी वाईट नव्हती. उलट वाईट असती तर बरं झालं असतं, मला कारण मिळालं असतं. वेळेवर यायची, चुकलं तर चुकलं म्हणायची, कॉफीच्या मशीनपाशी भेटली तर आधी माझा कप भरायची. आणि तिचा हात चांगला होता, ते तर पहिल्याच आठवड्यात कळलं. रेघ ओढताना ती श्वास धरायची नाही. मी अजून धरते. या गोष्टी दिसतात माणसाला, न बघायचं ठरवलं तरी दिसतात, आणि मग पोटात दुखायला लागतं. हो, पोटातच. लोक काळीज वगैरे म्हणतात. मला त्या सोमवारी बेंबीच्या वर चार बोटं, अगदी जागा दाखवता येईल असं दुखत होतं. हेव्याला दुसरं नाव देण्याचं वय माझं राहिलेलं नाही. मला त्या भिंतीचा हेवा वाटला. इतका, की जिन्यावरून जाता आलं तर लिफ्टनं यायलाच नको, असा विचार करून मी पाच मजल्यांच्या पायऱ्या मोजल्या.

आमच्या घरी दोघी बहिणी, मी आणि धाकटी. 'थोरली कामाची, धाकटी मिरवायची,' असं मावशी म्हणायची, आणि आई हसून 'काहीतरीच तुझं' म्हणायची, पण कामाला मलाच हाक मारायची. पाहुणे आले की धाकटीला मधल्या खोलीत उभं करून पाढे म्हणायला लावायचे. पाढे तिला मी शिकवलेले, गादीवर आडवं पडून, भिंतीला पाय लावून. एकदा ती सातचा म्हणत होती. मी आत कप विसळत होते. 'सात आठे चोपन्न,' तिनं अगदी ठेक्यात म्हटलं, आणि मी ओल्या हातानं दारात येऊन ओरडले, 'छप्पन्न!' सगळे हसले. तिला नव्हे, मला. 'बघा, थोरलीच्या नाकाला कशा मिरच्या झोंबल्या,' असं कुणीसं म्हणालं. पुढच्या वेळी पाहुणे आले, ती पुन्हा चोपन्नच म्हणाली, आणि मी कप विसळत राहिले. मला वाटलं होतं आता तिची फजिती होईल. पण कुणाच्या लक्षातच आलं नाही. टाळ्या झाल्या, तिला खाऊ मिळाला. चूक एकट्या मला माहीत होती, आणि ते माहीत असण्यात एक वेगळीच गोडी होती, कुणाला न दाखवता तोंडात घोळवायची. नऊ वर्षांच्या मुलीला ती गोडी कळावी हे काही चांगलं नाही. पण कळली, त्याला काय करणार.

त्या सोमवारीच दुपारी नवी जिन्याचं ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलाशी आली. आमच्याकडे वाचनालयाचं काम चालू होतं, दुमजली, आणि त्यातला मधला जिना साहेबांनी पूर्णपणे तिच्यावर सोपवला होता. शुक्रवारी सकाळी कॉलेजची चाळीस मुलं ऑफिस बघायला येणार होती. त्यांना त्या जिन्याचं मॉडेल दाखवायचं आणि सांगायचं की आठ महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीचा जिना इथं खरोखर बांधला जातो, ही ब्रॅण्डवालीची कल्पना. संध्याकाळी तेच ड्रॉइंग साईटवर जाणार, पुढच्या आठवड्यात काँक्रीट. आमच्याकडून कुठलाही कागद माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत दोन ओळी असतात, एक काढणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. एकवीस वर्षं मी दुसऱ्या ओळीत राहते.

'ताई, फोटो बघितलात?' तिनं कागद पसरता पसरता विचारलं. कान लाल झाले होते तिचे. 'मला फार ओशाळं वाटतंय हो. एवढा मोठा लावतील असं सांगितलंच नव्हतं.'

'छान आलाय,' मी म्हटलं. 'माझं कोपर तर झकासच.'

ती हसली, पण जरा थांबून. मग म्हणाली, 'तुम्ही सावकाश बघा. मला घाई नाही.'

मला सावकाश बघावं लागलं नाही. जिना सुंदर होता, आधी ते सांगते. पंधरा पायऱ्या, मग लँडिंग म्हणजे मधला सपाट टप्पा, मग वळून पंधरा, आणि लँडिंगच्या खालून लहान मुलांच्या खोलीकडे जायची वाट. सेक्शन म्हणजे इमारत सुरीनं कापून आतलं दाखवायचं. तिनं ती सुरी जिथून मोठी खिडकी सगळ्यात देखणी दिसेल तिथून चालवली होती, आणि कापून डावीकडे बघितलं होतं. लँडिंगच्या खाली दोन मीटर दहा उंची, नियमात बरोब्बर. पण त्या कापाच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या पाठीमागे, लँडिंग ज्यावर टेकतं तो बीम होता. आमच्याच ऑफिसातल्या स्ट्रक्चरवाल्या इंजिनिअरनं मागच्या आठवड्यात तो जाड केला होता, त्याचा कागद माझ्याकडे आला होता, तिच्याकडेही गेला असणार. तो बीम स्लॅबच्या खाली तीस सेंटिमीटर उतरत होता, आणि मुलांच्या खोलीकडे जायचं तर त्याच्याच खालून जायला लागणार होतं. एक मीटर ऐंशी. सेक्शनमध्ये दिसणार नाही, वरून दाखवणाऱ्या प्लॅनमध्ये नुसती तुटक रेघ दिसेल. मुलं आरामात जातील. त्यांना आणणाऱ्यांची कपाळं फुटतील. ही चूक आळशी माणसाच्या हातून होत नाही. ज्याला आपला सेक्शन देखणा हवा असतो त्याच्याच हातून होते.

मी पेन्सिल हातात घेतली. लाल पेन्सिल, नुकतीच टोक केलेली. त्या तुटक रेघेच्या बाजूला नुसतं 'उंची?' एवढं लिहायचं होतं. चार सेकंदांचं काम. मी तो शब्द मनात लिहिलासुद्धा. आणि मग तीच जुनी गोडी तोंडात आली. हे माहीत असलेलं माणूस या सबंध मजल्यावर एकच, आणि ते कोपर आहे. मी लाल पेन्सिल ठेवली, काळं पेन घेतलं आणि दुसऱ्या ओळीत सही केली. माझी सही वळणदार आहे. त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगली आली.

'झालं सुद्धा?' नवीनं विचारलं.

'काही नाही यात,' मी म्हटलं.

'खरंच?' असं म्हणून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. माझ्याकडून कोरा कागद परत गेलेला तिनं आठ महिन्यांत पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. ती तो कागद सगळ्यांना दाखवत फिरली.

मंगळवारी मला वाटलं, बुधवारी सांगू. बुधवारी सकाळी नवऱ्याला भिंतीचं सांगितलं, जिन्याचं नाही. तो टोस्टला लोणी लावत म्हणाला, 'अगं, तुझा फोटो लावला असता तर तूच म्हणाली असतीस, हे काय थेर चाललेत या वयात.' 'म्हणाले असते,' मी म्हटलं, 'पण लावायला तर हवा होता.' तो हसला. त्याला ते कोडं वाटलं, मला त्यात काहीच कोडं वाटत नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही इमारतीत पावसाचं पाणी कुठून जातं, दार कुठल्या बाजूला उघडतं, कठडा हाताला कुठं लागतो, हे मी ठरवलेलं असतं. या गोष्टी नीट झाल्या की कुणालाच दिसत नाहीत. चुकल्या तरच दिसतात. म्हणजे मला दिसायचं असेल तर काहीतरी चुकलेलंच असायला हवं, असा तो सगळा हिशेब, आणि हिशेब मी मांडला नव्हता. असं स्वतःला समजावत मी बुधवारभर मूग गिळून बसले. गुरुवारी दुपारी मॉडेल आलं. पांढऱ्या पुठ्ठ्याचं, हातभर, खिडकीतून ऊन पडलं की पायऱ्यांवर सावल्या. मॉडेलमध्ये बीम नव्हता. मॉडेल बनवणाऱ्याला ड्रॉइंगमध्ये दिसला तरच तो करणार. मी वाकून लँडिंगखाली बोट घालून पाहिलं, सहज जात होतं.

'ताई, उद्या तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहाल ना?' नवी मागं येऊन कधी थांबली कळलं नाही. 'मला घोळक्यापुढं बोलता येत नाही. जीभ टाळ्याला चिकटते.'

'अगं, भिंतीवर एवढी हसतेस की.'

'ते काय, तुम्ही हसवलंत म्हणून,' ती म्हणाली. 'राहाल ना?'

तेव्हा मी सांगणार होते. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेब आले, मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, 'शाब्बास गं पोरी. ताई, आपल्याकडं असा जिना किती वर्षांत झाला नाही, नाही का?' मी म्हटलं, 'हो ना.' एकवीस वर्षांतले सगळे जिने माझ्या हाताखालून गेलेले. तोंड मिटलं ते मिटलंच.

शुक्रवारी अकरा वाजता मुलं आली. चाळीस म्हणजे केवढी असतात हे खोलीत आल्यावर कळतं. सगळ्यांचे बूट एकसारखे जाड, सगळ्यांच्या वह्या काळ्या. ब्रॅण्डवाली एका कडेला हात बांधून उभी, साहेब मागं, मी मॉडेलच्या डाव्या बाजूला, नवी उजव्या. ती बोलली बरी, थोडी अडखळली, तेही चांगलंच दिसलं. मग पुढच्या रांगेतल्या एका उंच मुलीनं हात वर केला. 'पण खरं सांगा, तुम्हाला भीती नाही वाटत? आठ महिन्यांत एवढं मोठं काम. चुकलं तर?'

नवीनं भिंतीच्या दिशेनं अंगठा केला. 'ते बाहेर लिहिलंय ना, ते माझं वाक्य अर्धंच आहे. मी म्हटलं होतं, इथं माझं ऐकलं जातं, कारण आधी ताई ते तपासून देतात. मग कोणी ऐकायला घाबरत नाही, आणि मी बोलायला घाबरत नाही.' तिनं माझ्याकडं हात केला. 'या ताई. यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी इथं का आहे असं विचाराल तर यांच्यामुळं आहे. मला दुसरीकडून दोनदा बोलावणं आलं होतं.'

चाळीस माना माझ्याकडं वळल्या. ब्रॅण्डवाली खाली बघायला लागली. वाक्य भिंतीवर मावेना म्हणून तिनं कापलं असणार. एवढे दिवस जे मला मिळत नव्हतं म्हणून मी जळत होते, ते सबंध वेळ माझ्याकडंच होतं, आणि मी सोमवारी दुपारी ते काळ्या पेनानं खोडून टाकलं होतं. मी मॉडेलवर हात ठेवला.

'हा जिना चुकलाय,' मी म्हटलं. 'लँडिंगच्या खाली एक बीम आहे, तो सेक्शनमध्ये दिसत नाही. तिथं उंची फूटभर कमी पडते. मुलांच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येक उंच माणसाचं डोकं आपटेल. चूक हिच्या हातून झाली, पण अशी कुणाच्याही हातून होते. मी ती सोमवारी पाहिली. पाहिली, आणि सही केली.'

कुणीतरी वही मिटली. नवीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती खाली वाकली, लँडिंगच्या खाली बघितलं, मग हळूच विचारलं, 'स्ट्रक्चरच्या नव्या शीटमधला बीम?' 'हो,' मी म्हटलं. ती मनात वजाबाकी करत होती, ओठ हलत होते. 'एक ऐंशी,' ती म्हणाली. तिचा चेहरा पुठ्ठ्यासारखा पांढरा झाला होता. त्या उंच मुलीनं मला विचारलं, 'पण तुम्ही सही का केलीत?' मी म्हटलं, 'तिचा हेवा वाटला म्हणून.' एवढं सरळ बोलायचं ठरवलं नव्हतं. पण बोलले, आणि आता जे सांगते ते सांगायला त्याहून जड आहे. चाळीस जण श्वास धरून माझ्याकडं बघत असताना, मला बरं वाटलं. लाज वाटली, आणि तरी बरं वाटलं. ते माझं ऐकत होते. मी नेमकं कशासाठी कबूल केलं, त्या पोरीसाठी की त्या चाळीस मानांसाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

वाटलं होतं साहेब घरी पाठवतील. मुलं गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'बीम उलटा करू, स्लॅबच्या वर काढू. स्ट्रक्चरवाला हो म्हणतोय. आजचं ड्रॉइंग थांबवलंय.' मग, न वळता, 'ताई, तुमच्याकडून नव्हतं हो अपेक्षित.' आणि ब्रॅण्डवाली? ती तर हवेत होती. 'ताई, सोनं आहे हे, सोनं! त्या मुलांनी किती जणांना सांगितलं माहितीये? कालपासून सतरा अर्ज आलेत!' हे शनिवारी फोनवर. इथं माणसं आपल्या चुका बोलून दाखवतात, असं काहीसं तिला आता मोठ्या अक्षरांत हवं होतं, आणि वर मी. पूर्ण मी, चेहऱ्यासकट. हात दाखवून अवलक्षण करावं आणि त्याच हाताचा फोटो काढून घ्यावा, तसला प्रकार. नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, 'कुठल्या दिवशी काढायचा?'

सोमवारी मी पायऱ्या चढून आले. नवी आधीच आली होती. माझा कप तिनं भरला नव्हता, तो मीच भरला. साडेदहाच्या सुमाराला ती आली आणि खुर्ची न ओढता उभी राहिली. हातात आठ महिन्यांच्या सगळ्या शीट्सचा गठ्ठा होता, छातीशी धरलेला. मी म्हटलं, 'अगं, मला माफ—' ती म्हणाली, 'ते झालं ताई, ते राहू दे. मला एक विचारायचंय.'

'विचार की.'

'माझ्या बाकीच्या ड्रॉइंग्जमध्ये कुठं काही दिसलं होतं का? तुम्ही बोलला नाहीत, असं?'

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. साईटवर आपण माप विचारतो, तसं तिनं विचारलं होतं.

'नाही गं,' मी म्हटलं. 'शप्पथ. तेवढं एकच.'

आणि ते खरं होतं. एकवीस वर्षांत तेवढं एकच. तिला विश्वास ठेवायचा होता, मला दिसत होतं, ती प्रयत्न करत होती. मग 'बरं' म्हणाली, अगदी आदरानं, आणि गठ्ठा घेऊन स्ट्रक्चरवाल्याच्या टेबलाशी गेली. त्यानं बाजूची खुर्ची मोकळी करून दिली. मला त्या माणसाचा असा हेवा वाटला, जसा भिंतीचाही कधी वाटला नव्हता. नवी बसली, बाह्या सारल्या, पट्टी काढली आणि पहिल्या शीटपासून सगळं पुन्हा मोजायला लागली.